आधी टोपी, मग चप्पल

आमच्या बालवाडीच्या दारात चपलांचा एक बुटका रॅक आहे. प्रत्येक मुलाच्या चपलांवर त्याची टोपी ठेवलेली असते, झाकणासारखी. बाहेर खेळायला जायचं तर चपला हव्यात, आणि चपला हव्यात तर आधी टोपी उचलायला लागते. उचललेली टोपी मूल ठेवणार कुठे? डोक्यावर. गेली अकरा वर्षं मी "टोपी घाला रे" म्हणून ओरडलेली नाही. त्याआधीची आठ वर्षं मात्र रोज ओरडत होते, अगदी घसा बसेपर्यंत.

मुलांना उन्हापासून कसं जपायचं, असं पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा "कुठलं सनस्क्रीन घेऊ?" एवढाच प्रश्न असतो. मी लगेच उत्तर देत नाही. या कामात सनस्क्रीनचा नंबर शेवटचा. पहिला वेळेचा, दुसरा सावलीचा, तिसरा कपड्यांचा आणि टोपीचा. एवढं करूनही जी कातडी उघडी राहील तिच्यापुरतं क्रीम. हा क्रम उलटा केला की काय होतं, ते मी स्वतःच्या लेकीवर करून बसले आहे.

ढगाळ दिवसाची गोष्ट

लेक तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही दिवसभरासाठी समुद्रावर गेलो होतो. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला, माझ्या अंगात तर पातळ स्वेटर. तिला बिनबाह्यांचा फ्रॉक घातला, तोंडाला नेमाने क्रीम लावलं आणि मी निर्धास्त झाले. ती तीन तास वाळूत पालथी पडून खड्डा खणत होती. एकदाही "गरम होतंय" म्हणाली नाही, कारण गरम होतच नव्हतं.

संध्याकाळी म्हणाली, "आई, पाठ चुरचुरतेय." पाहिलं तर मान आणि खांदे गुलाबी. रात्री लाल. सकाळी उठली तेव्हा फ्रॉकच्या पट्ट्यांच्या जागी दोन पांढऱ्या रेघा आणि आजूबाजूला भाजलेली कातडी. पण सगळ्यात वाईट होती ती गुडघ्यांच्या मागची लवण. तिथे कुणी क्रीम लावतं का? पालथी पडल्यामुळे तो भाग तीन तास सरळ आभाळाकडे होता. पुढचे तीन दिवस ती गुडघे न वाकवता चावीच्या बाहुलीसारखी चालत होती. तोंड तेवढं छान होतं, क्रीम लावलेलं.

त्या दिवशी मला तीन गोष्टी माहीत नव्हत्या. पहिली, ऊन तापवतं वेगळ्या किरणांनी आणि भाजतं वेगळ्या. अंगाला जाणवते ती उष्णता. भाजतात ते अतिनील किरण, आणि ते ना दिसतात, ना जाणवतात. म्हणून गार वाऱ्यात मूल सुखाने भाजून निघतं. दुसरी, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. शिवाय खालूनही येतात: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के आणि ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत. उंचीवर गेलं की दर हजार मीटरला हे किरण साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. थंड हवेच्या डोंगरावर मुलांची नाकं सोलतात ती यामुळेच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भाजल्याची लाली लगेच दिसत नाही. ती काही तासांनी उमटते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वांत जास्त होते. त्यामुळे "लाल दिसायला लागलं की आत बोलवू" हा बेत म्हणजे वरातीमागून घोडं. लाल दिसेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

"आमचा मुलगा सावळा आहे, त्याला काय होतंय" हे मी खूप वेळा ऐकलं आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रमाणात राखण करतं, हे खरं. पण काही प्रमाणातच. सावळी मुलंही भाजतात, फक्त लाली पटकन दिसत नाही, म्हणून आपल्या लक्षात उशिरा येतं. हात लावून पाहा: तो भाग गरम लागतो, मूल हात झटकतं. आणि सावळ्या कातडीमुळे डोळ्यांची राखण तर होतच नाही. लहानपणी वारंवार कातडी भाजली की पुढे मोठेपणी कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे आता पक्कं माहीत आहे. घाबरवायला हे सांगत नाही. चार वर्षांच्या मुलाला हे समजावून काही उपयोगही नाही. त्याला समजते ती सावली.

सावलीची उंची

हा माझा आवडता भाग, त्यामुळे जरा रेंगाळणार आहे.

अंगणात सपाट जागी उभं राहायचं आणि स्वतःची सावली पाहायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन कोवळं, खेळा. सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की ऊन कडक, आडोशाला चला. यामागचा हिशेब शाळेच्या भूमितीतला आहे: सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आला की सावली बरोबर आपल्या उंचीएवढी पडते. तो त्याच्या वर चढला की किरणांना हवेतून कमी अंतर कापावं लागतं आणि अतिनील किरण कमी गाळले जातात.

मुलांना हे शिकवायला एक खडू पुरतो. सकाळी आल्या आल्या एकाला उभं करायचं, त्याच्या पावलांभोवती आणि सावलीभोवती रेघ मारायची. दोन तासांनी त्याच पावलांच्या खुणांवर त्यालाच उभं करून पुन्हा रेघ. दुपारी पुन्हा. पहिल्यांदा केलं तेव्हा एक चिमुरडी गंभीरपणे म्हणाली, "ताई, माझं डोकं पोटात गेलं." आता आमच्याकडे "सावली बुटकी झाली" हे शब्द आत जायच्या घंटेइतकेच चालतात, आणि बऱ्याच वेळा ते माझ्याआधी मुलंच उच्चारतात. मोठ्यांनी सांगितलेला नियम मुलं मोडतात. स्वतः पाहिलेला नियम ती दुसऱ्यांवर लादतात. या वयाचा हा स्वभाव आपल्या पथ्यावर पडतो.

दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी साधारण ६० टक्के सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत येतात. पण घड्याळ हे माणसाने ठरवलेलं. काही ठिकाणी घड्याळातले बारा आणि सूर्य माथ्यावर येण्याची वेळ यांत तासाभराचाही फरक असतो. म्हणून मी घड्याळापेक्षा सावलीवर विश्वास ठेवते.

फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा एक आकडा असतो. यूव्ही म्हणजे अतिनील; ते किरण किती तीव्र आहेत ते हा आकडा सांगतो. हा आकडा १९९२ मध्ये कॅनडात सुरू झाला, आता जगभर वापरतात. तीनच्या खाली असेल तर विशेष काही करायची गरज नाही. तीन किंवा जास्त असेल तर टोपी, कपडे, क्रीम, सावली हे सगळं हवं. आठच्या पुढे गेला तर भर दुपारी मुलांना बाहेर काढूच नये. तापमानाच्या आकड्याकडे पाहून हा निर्णय घेऊ नका. माझी चूक तीच होती.

मग मुलांनी खेळायचंच नाही का? खेळायचं. फक्त धावपळीचे खेळ सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर, आणि मधल्या वेळात चित्रं, गोष्टी, मातीकाम. आम्ही वेळापत्रक एकदा उलटंपालटं केलं, आणि त्या एका बदलाने जितकं काम झालं तितकं क्रीमच्या शंभर ट्यूबांनी झालं नसतं.

कच्ची सावली, पक्की सावली

सावलीत बसलो म्हणजे सुटलो असं नाही. अतिनील किरण हवेत विखुरतात आणि आभाळाच्या सगळ्या बाजूंनी येतात. मी करते ती परीक्षा सोपी आहे: सावलीत बसा आणि मान वर करा. जितकं आभाळ दिसेल तितकी सावली कच्ची. मोकळ्या मैदानातली एकटी छत्री कच्ची. दाट पानांचं रुंद झाड, जवळ भिंत, ही पक्की. विरळ पानांच्या झाडाखाली अंगावर उन्हाचे कवडसे नाचतात. ते दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्यावर विसंबून तासभर बसू नका.

आणखी एक: सावली सरकते, सतरंजी सरकत नाही. सूर्य पश्चिमेकडे जातो तशी सावली पूर्वेकडे जाते. म्हणून सतरंजी आत्ताच्या सावलीच्या पूर्वेच्या कडेला अंथरायची. मूल झोपलेलं असेल तर हे फार कामाला येतं, कारण अर्ध्या तासाने त्याच्या पायावर ऊन आलं की त्याला उठवायचं की भाजू द्यायचं, हा पेच उरत नाही.

तान्ह्या बाळांबद्दल इथेच सांगते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ थेट उन्हात नकोच. त्याला क्रीम नाही, सावली आणि अंगभर सुती कपडे. सावली मिळणंच शक्य नसेल तर चेहरा आणि हाताच्या पाठीसारख्या छोट्या भागावर थोडंसं क्रीम चालतं, पण ती अडचणीतली सोय आहे, रोजची सवय नव्हे.

आणि बाबागाडीवर कापड टाकून ती चारी बाजूंनी बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण हे करणारे सगळे प्रेमापोटीच करतात. पातळ दुपट्टा का असेना, आतली हवा कोंडते आणि थोड्या वेळात आत भट्टी होते. बाळाला घाम गाळून स्वतःला गार ठेवणं मोठ्यांसारखं जमत नाही, आणि कापडामुळे त्याचा चेहराही आपल्याला दिसत नाही. गाडीचं छप्पर पुढे ओढा, गाडीचं तोंड उन्हाविरुद्ध फिरवा, जाळीचा पडदा लावा, हवा खेळती ठेवा. बाळाच्या मानेमागे हात घालून पाहत राहा: तिथे घाम असेल तर ते तापलं आहे.

मोटारीच्या काचेतून भाजणारे किरण बरेचसे अडतात, पण कातडीत खोल शिरणारे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण बाजूच्या काचांतून आत येतात. लांबच्या प्रवासात खिडकीला पडदा लावा. उभ्या गाडीत मूल एकटं ठेवायचं नाही, "दोन मिनिटांत येते" म्हणूनसुद्धा नाही. यावर चर्चा नाही.

कापड उजेडात धरून पाहा

कपडा निवडताना मी तो खिडकीसमोर धरते आणि मागे हाताचा पंजा ठेवते. बोटं स्पष्ट दिसली तर तो कपडा वाऱ्यासाठी चांगला, उन्हासाठी नाही. घट्ट विणीचा, जरा गडद रंगाचा, सैलसर, पूर्ण बाह्यांचा कपडा सर्वांत चांगला. पातळ पांढरा सुती शर्ट वाटतो तेवढं अडवत नाही, आणि भिजला की त्याहून कमी. म्हणून पाण्यात खेळणाऱ्या मुलांना जुना पांढरा बनियन घालून पाठवणं म्हणजे न घातल्यात जमा. पाण्यासाठी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे शर्ट मिळतात, त्यांच्यावर यूपीएफ असा आकडा असतो. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा भाग आत येतो, बाकीचे बाहेर. आणि पाण्यात बुडून बसल्याने वाचतो असं समजू नका. अर्धा मीटर खोलीवरसुद्धा पृष्ठभागावरच्या अतिनील किरणांपैकी ४० टक्के पोचतात.

टोपी चारी बाजूंनी काठ असलेली हवी. क्रिकेटच्या टोपीने नाक झाकतं, पण कान आणि मानगूट उघडी राहतात, आणि नेमकी तीच आधी भाजतात. लहानांच्या टोपीचा काठ पाचेक सेंटिमीटर तरी असावा, मोठ्या मुलांना सात-साडेसात. मानेवर झालर असलेली टोपी धावणाऱ्या मुलांना बरी पडते. हनुवटीखाली बांधायची पक्की दोरी मात्र नको. घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर ती कुठे अडकली तर गळ्याला फास बसतो. ओढल्यावर सुटणारा पट्टा असेल तर चालेल.

"आमचं मूल टोपी ठेवतच नाही." तर आधी टोपी तपासा, मग मूल. मी स्वतः एकेकाच्या टोपीत हात घालून पाहिलं आहे. कुणाच्या टोपीचं लेबल कपाळाला टोचत असतं, कुणाची आत प्लास्टिकची असून घामाने चिकटते, कुणाची इतकी मोठी की धावताना डोळ्यांवर येते. एका मुलाने दोन महिने टोपी भिरकावली. शेवटी लक्षात आलं की मागचं इलास्टिक त्याचे केस ओढत होतं. कात्रीने ते कापलं आणि प्रश्न मिटला. टोपीत काही दोष नसेल तर दोन टोप्या समोर ठेवून "यातली कुठली?" असं विचारा. "घालायची का?" असं विचारू नका, उत्तर तुम्हाला माहीत आहे. आणि स्वतः बोडक्या डोक्याने मुलाला टोपी घालायला सांगणाऱ्या बाबांना मी दारातूनच परत पाठवते, निदान डोळ्यांनी तरी.

ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये एक मोठी मोहीम सुरू झाली: शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी ठेवा. एक कार्टून सीगल पक्षी हे नाचत सांगायचा. सावली शोधा आणि गॉगल लावा या दोन गोष्टी त्यात २००७ मध्ये जोडल्या. मला कुणी विचारलं असतं तर सावली पहिल्याच दिवशी पहिल्या नंबरला घातली असती, पण सीगलला विचारणारी मी कोण.

गॉगलचं थोडक्यात. त्यावर यूव्ही ४०० किंवा १०० टक्के यूव्ही संरक्षण असं लिहिलेलं हवं. नुसत्या काळ्या काचांचा खेळण्यातला गॉगल न लावलेला बरा: काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्त आत जातात. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त पारदर्शक असतं, त्यामुळे हा खर्च फुकट जात नाही. मूल लावतच नसेल तर रुंद काठाची टोपी बरंच काम करते.

आता क्रीम

डब्यावर तीन गोष्टी पाहायच्या: एसपीएफ ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम, आणि पाण्यात टिकणारं. एसपीएफ हा भाजणाऱ्या किरणांचा आकडा. १५ चं क्रीम असे सुमारे ९३ टक्के किरण अडवतं, ३० चं ९७, ५० चं ९८. म्हणजे ३० वरून १०० वर उडी मारून फार काही हाती लागत नाही. ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे खोल शिरणाऱ्या किरणांनाही अडवणारं. मुलाची कातडी नाजूक असेल, पुरळ येत असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं घ्या. ते जरा पांढरं दिसतं, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही, फोटो काढणाऱ्यांना वाटतं. नवीन क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहा.

खरी गोम आहे ती किती लावायचं यात. डब्यावरचा आकडा प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. घरी आपण त्याच्या निम्मंही लावत नाही, आणि थर पातळ झाला की आकडाही घसरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा ढोबळ हिशेब असा: चेहरा, कान आणि मान मिळून अर्धा चहाचा चमचा, प्रत्येक हाताला अर्धा, प्रत्येक पायाला अर्धा, छातीपोटाला अर्धा, पाठीला अर्धा. झाले साडेतीन चमचे, म्हणजे जवळपास १७ मिलिलिटर. पन्नास मिलिलिटरची ट्यूब तीनदा धड पुरत नाही. माझी ट्यूब तेव्हा आख्खा उन्हाळा पुरली होती आणि मला त्याचा अभिमानही होता!

आता हाच हिशेब पूर्ण बाह्या आणि लांब पॅन्ट घातलेल्या मुलाचा करा. उरलं काय? चेहरा, कान, मान, हातांचे पंजे, पावलांची पाठ. एका वेळेला जेमतेम तीन-चार मिलिलिटर. तीच ट्यूब बारा-पंधरा वेळा पुरते, आणि वळवळणाऱ्या मुलाशी कुस्ती खेळायचा वेळही वाचतो. क्रीमला मी शेवटचा नंबर देते तो यासाठी. ते वाईट आहे म्हणून नाही, ते पुरेसं लावणं कुणाच्यानेच होत नाही म्हणून.

लावायची रीत. कपडे घालायच्या आधी लावा, म्हणजे गळ्याच्या आणि बाह्यांच्या कडेला कोरी पट्टी राहत नाही. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. मुलाला आरशासमोर बसवा आणि चेहऱ्यावर ठिपके द्या: कपाळावर दोन, गालांवर एकेक, नाकावर, हनुवटीवर, दोन्ही कानांच्या पाळ्यांवर. मग "ठिपके जोड" म्हणायचं. मूल स्वतःच्या बोटांनी जोडतं, तुम्ही मागून मान, कानांच्या मागची बाजू आणि केसांचा भांग उरकता. डोळ्यांभोवती तुम्हीच लावा, आणि लगेच मुलाचे हात पुसा. ते हात पुढच्या क्षणी डोळ्यांत जाणार हे ठरलेलं. एकदा डोळे चुरचुरले की ते मूल पुढचा महिनाभर ट्यूब पाहूनच पळतं. अशा मुलांना चेहऱ्यासाठी कांडीच्या रूपातलं क्रीम बरं, ते ओघळत नाही.

विसरायच्या जागा मी पाठ करून टाकल्या आहेत: कानांचे वरचे काठ, मानगूट, भांग, पावलांची पाठ आणि अर्थातच गुडघ्यांमागची लवण. ओठांना एसपीएफ असलेला बाम.

दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर किंवा अंग पुसल्यावर लगेच. डब्यावर "पाण्यात टिकणारं" लिहिलं असलं तरी. एसपीएफ ५० आहे म्हणून जास्त वेळ चालतं हा गैरसमज आहे. लक्षात कसं ठेवायचं? गजर लावू नका, गजर आपण बंद करतो. खाण्याच्या सुट्टीला जोडा. आधी क्रीम, मग हात धुणं, मग डबा. भूक लागलेलं मूल वाद घालत नाही.

स्प्रे थेट चेहऱ्यावर मारू नका, तो श्वासातून छातीत जातो. आपल्या तळहातावर मारा आणि मग चोळा. डास आणि ऊन अशा दोन्हींसाठी असलेलं एकत्र क्रीम टाळा: सनस्क्रीन पुन्हापुन्हा लावायचं असतं, डासांचं औषध तितक्यांदा नाही. दोन्ही हवी असतील तर आधी सनस्क्रीन, ते मुरलं की डासांचं. आणि ट्यूब उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पाणी आणि मलई वेगळी झालेलं क्रीम फेकून द्यायचं, हलवून वापरायचं नाही.

भाजलंच तर

आधी सावलीत आणा. गार, पण बर्फासारखं नसलेलं पाणी, किंवा ओला मऊ पंचा, दहा-पंधरा मिनिटं. थेट बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-लोणी नको. कातडी गार झाल्यावर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर. पाणी जास्त पाजा. फोड आले तर फोडू नका. पुरतं बरं होईपर्यंत त्या भागाला ऊन नको. फोड आले, ताप आला, उलट्या झाल्या, मूल सुस्तावलं, किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. मूल बरळायला लागलं, अंग कढत झालं, चक्कर आली, तर ते नुसतं भाजणं नाही, उष्माघात असू शकतो. अंग गार करत करत ताबडतोब दवाखाना.

धातूची घसरगुंडी आणि झोपाळ्यांखालचं रबर यांना मुलाआधी स्वतःचा हात लावा. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. तुम्हाला टेकवेना तर मुलाच्या मांड्यांनाही नको.

आज्यांचा प्रश्न

"एवढं झाकून ठेवलं तर हाडांचं काय? ड जीवनसत्त्व?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी आजी विचारते, आणि प्रश्न योग्य आहे. रोज बाहेर खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर, कितीही टोपी-क्रीम केलं तरी, ऊन पडतंच. क्रीम कुणीच इतकं चोख लावत नाही. अडचण दुसरीच आहे. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण आणि भाजणारे किरण एकच, त्यामुळे सावली खूप लांब असतानाच्या कोवळ्या उन्हात ते फारच थोडं तयार होतं. ते ऊन अंगाला छान वाटतं, मुलांना जरूर खेळू द्या, पण हाडांचा सगळा भार त्याच्यावर टाकू नका. आणि हाडांसाठी म्हणून बाळाला भर उन्हात निजवू तर अजिबात नका. शंका असेल तर डॉक्टर थेंब लिहून देतात. आजी पहिल्यांदा ऐकतात तेव्हा नाराज होतात, मग थेंबांचं नाव विचारून घेतात.

शेवटचं, टोपी घरी विसरलेल्यांचं. आमच्या रॅकच्या वरच्या फळीवर दोन जादा टोप्या असतात. प्रत्येक वापरानंतर धुवायच्या, उवांमुळे. दोन्ही मी मुद्दाम शोधून शोधून बेढब घेतल्या: एक मळखाऊ पिवळी, दुसरीचा काठ ताटाएवढा. एकदा ती घातलेलं मूल दुसऱ्या दिवशी स्वतःची टोपी विसरत नाही, असा माझा अंदाज होता आणि तो बराचसा खराही ठरला. एक मुलगा मात्र वर्षभर स्वतःची टोपी मुद्दाम घरी ठेवून यायचा. त्याला ती ताटाएवढी हवी असायची.